एम्ब्रॉयडरीचं मशीन घ्यायचंय? आधी बाहीचं माप घ्या

दुकानात मशीनवरचं कव्हर निघायच्या आतच आकडा कानावर पडतो: ह्यात इतके टाके, इतक्या डिझाईन. नव्या माणसाला वाटतं, आकडा मोठा तितकं मशीन भारी. घरच्या कामात वर्षभर फिरतात ते चारच टाके: सरळ, झिगझॅग, काजाचा आणि ताणाच्या कापडाचा. एम्ब्रॉयडरीत तर मशीनमधल्या तयार डिझाईनना आणखीच कमी किंमत, कारण रोजच्या कामाची डिझाईन पेनड्राइव्हवरून येते. तेव्हा टाके मोजू नका. फ्रेम, म्हणजे भरतकामाचं कापड ताणून धरणारी चौकट, केवढी ते बघा, आणि बिघडलं तर उघडणारा माणूस कुठे आहे ते बघा.

आधी कामाची यादी

येत्या सहा महिन्यांत मशीनवर काय काय जाणार, ते कागदावर लिहा. कोल्हापुरात घरी काम करणाऱ्या बाईची यादी साधारण अशी निघते: साडीचा फॉल-पिको, ब्लाउज, उशांचे अभ्रे, खणाचं परकर-पोलकं, शाळेच्या गणवेशाची उंची कमी-जास्त करणं, आणि लग्नसराईत ब्लाउजच्या पाठीवर-बाहीवर भरतकाम. यातलं शेवटचं सोडलं तर एम्ब्रॉयडरी मशीनची गरज कुठेच नाही, हे लिहून काढल्यावरच लक्षात येतं.

मशीन तीन प्रकारची. पहिलं काळं मशीन, पायाचं असो की मोटरचं, फक्त सरळ टाका घालतं. पण तो टाका इतका पक्का की डेनिमच्या चार पदरांतून सुई अडत नाही. पार्ट गल्लीबोळात मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक ते उघडतो. त्याच्यावर भरतकामही होतं: फूट (कापड दाबून धरणारा पाय) काढायचं, कापड पुढे नेणारे दाते खाली करायचे किंवा झाकायचे, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून हाताने फिरवायचं. मात्र हात बसायला महिने लागतात.

दुसरं झिगझॅग. या मशीनवर, ज्याला दुकानात ऑटोमॅटिक म्हणतात, पिको, काजं, कडा बंद करणं हे सगळं होतं. झिगझॅगची रुंदी साध्या मशीनला बहुधा ५ मिलीमीटर, वरच्या मॉडेलना ७. बाजूचा डबा सरकवला की खाली बारीक हात उरतो आणि बाही किंवा पॅंटची मोहरी त्याच्यावर चढवून गोल शिवता येते. ब्लाउज शिवणाऱ्यांना ही सोय टाक्यांच्या शंभर प्रकारांपेक्षा जास्त उपयोगाची.

तिसरं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी. यात फक्त भरतकाम करणारं एक, आणि शिलाई-भरतकाम दोन्ही करणारं जोडमशीन दुसरं. जोडमशीनचा मोह सगळ्यांना पडतो. अडचण अशी की पाठीवरची डिझाईन दोन तास चालू असली की तेवढा वेळ शिलाई बंद. शिवाय एम्ब्रॉयडरीचा भाग काढा, फूट बदला, दाते वर करा, प्रत्येक वेळी ही उठाठेव. घरात टेबल एकच मावत असेल तर जोडमशीन घ्या. नाहीतर आमचं मत सरळ आहे: आधी चांगलं झिगझॅग मशीन, आणि भरतकामाची गिऱ्हाइकं हातात आल्यावर फक्त एम्ब्रॉयडरीचं वेगळं मशीन.

पैशाचं एक जाता जाता. शिलाईचा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. घरटी एकालाच. साधं शिलाई मशीन त्यात बसू शकतं, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी बसत नाही.

फ्रेम: इथे घाई नको

अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज घ्या, बाहीची शिवण उसवल्यासारखी धरून खालच्या काठाचा घेर मोजा. समजा ११ इंच आला, म्हणजे २८० मिलीमीटर. आता हे माप फ्रेमला लावून बघा.

१०० बाय १०० मिलीमीटरच्या फ्रेममध्ये बाहीचा काठ तीन तुकड्यांत भरावा लागेल. प्रत्येक तुकड्याला कापड काढा, सरकवा, पुन्हा बसवा, आधीच्या डिझाईनशी जुळवा. दोन मिलीमीटर चुकले तरी वेलीला पायरी पडते आणि ती डोळ्यांत भरते. दोन बाह्या म्हणजे सहा वेळा फ्रेम. १३० बाय १८० च्या फ्रेममध्ये लांब बाजू काठाला लावली की दोन तुकड्यांत काम होतं. १६० बाय २६० मध्ये एकदाच बसवा, उरलेलं दोनेक सेंटीमीटर काखेच्या शिवणीखाली जातं, तिथे डिझाईन नसली तरी कुणी बघत नाही. पाठीच्या गळ्याचंही असंच: एका बाजूची अर्धी वेल १३० बाय १८० मध्ये बहुतेक वेळा मावते, मग तीच आरशासारखी उलटी करून दुसऱ्या बाजूला भरायची.

१०० ची फ्रेम वाईट नाही. रुमाल, बाळाचं झबलं, शर्टाचा खिसा, साडीवरचे सुटे बुट्टे, नावं, गणवेशावरचे बिल्ले, ही कामं तिच्यात छान होतात. पण ब्लाउजसाठी मशीन घेऊन १०० ची फ्रेम पदरात पडली की सहा महिन्यांत मशीन विकायला निघतं.

फ्रेमचं बाहेरचं माप आणि सुई फिरण्याचं माप वेगळं असतं, हेही विचारून घ्या. काही मशीनबरोबर लांबलचक फ्रेम मिळते, पण ती खाचांमध्ये वरखाली सरकवून लावायची असते. कापड एकदाच बसतं, डिझाईन मात्र तुकड्यांतच पडते, कारण सुई एका दमात १३० बाय १८० च्या बाहेर जात नाही. विचारायचा प्रश्न असा: "एका दमात जास्तीत जास्त केवढी डिझाईन?" उत्तर मिलीमीटरमध्ये घ्या आणि बिलावर मॉडेल नंबरसकट लिहून घ्या. मोठी फ्रेम नंतर विकत घेऊ, असंही धरून चालू नका. लहान मशीनमध्ये फ्रेम फिरवणाऱ्या हाताची धावच तेवढी असते.

डिझाईनची फाईल

मोबाइलमधला मोराचा फोटो मशीनला देऊन मोर भरून मिळत नाही. मशीनला टाक्यांची फाईल लागते: ब्रदरची पीईएस, जनोमेची जेईएफ, कारखान्याच्या मशीनवर चालणारी डीएसटी. डीएसटीमध्ये रंगांची माहिती नसते, त्यामुळे पडद्यावर मोर भलत्याच रंगाचा दिसतो. घाबरू नका, रंग शेवटी तुम्ही ओवाल तोच. बरीच घरगुती मशीन आपल्या कंपनीच्या फाईलबरोबर डीएसटी पण वाचतात, तुमचं मॉडेल वाचतं का ते विचारा. वाचत असेल तर इथे मोठ्या मशीनवर काम करणाऱ्यांकडून डिझाईन करून घेणं सोपं जातं.

फाईल पेनड्राइव्हवर आहे पण मशीनला दिसत नाही, ही नव्यांची नेहमीची तक्रार. कारणं बहुधा दोन. डिझाईन फ्रेमपेक्षा मोठी आहे, मग ती १०० च्या जागी १०२ मिलीमीटर असली तरी मशीन घेत नाही. किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला नाही. डिझाईन मशीनवर फार लहान-मोठीही करू नका. बऱ्याच साध्या मशीनमध्ये आकार बदलतो, पण टाक्यांची संख्या तीच राहते: मोठी केली की कापड दिसतं, लहान केली की टाके एकमेकांवर चढून दोरा तुटतो. दहा-वीस टक्क्यांच्या पुढे जायचं असेल तर फाईलच नवी करून घ्या.

वेळेचा हिशोब

डिझाईनचे टाके भागिले मिनिटाचे टाके. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या प्रत्येकी १२,००० टाक्यांच्या आणि पाठ २५,००० ची धरली तर एकूण ४९,०००. मिनिटाला ४०० टाके घालणारं मशीन त्याला दोन तास घेतं, ६५० चं सव्वा तास. डब्यावर लिहिलेला वेग सरळ पळण्याचा असतो, बारीक वळणावर मशीन आपोआप हळू होतं. त्यात घरगुती मशीनला सुई एकच, म्हणून प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलायचा. आठ रंगांचा मोर म्हणजे सात वेळा उठायचं. गिऱ्हाइकाला दर सांगताना हा वेळ धरला नाही तर मजुरी हातात काहीच राहत नाही.

वीज आणि टेबल

परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेलं मशीन हौसेने लावलं आणि धूर निघाला, हे घडतं. अमेरिकेतलं मशीन ११० व्होल्टचं असू शकतं, आपल्याकडे घरात येतात २३० व्होल्ट. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. कॉम्प्युटर मशीनला वीज कमीच लागते, साधारण एका बल्बइतकी, पण ती स्वच्छ लागते. स्टॅबिलायझर लावा, आणि इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचाच. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्युटर मशीन चालवू नये.

टेबल जड हवं. घडीच्या टेबलावर मशीन स्वतःच हलतं, आणि हललं की बाहेरची रेघ भरलेल्या भागापासून सुटते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात लाकडी माडीवर मशीन ठेवणार असाल तर टेबल भिंतीच्या कडेला, तुळईच्या टोकाशी घ्या. माडीच्या मध्यावर तक्तपोशी जास्त हलते. डावीकडे आणि मागे हातभर जागा मोकळी सोडा, कारण फ्रेम तिकडे धावते. भिंतीला आपटली की डिझाईन तिथेच सरकते.

मेकॅनिक

काळ्या मशीनचा मेकॅनिक कोल्हापुरात शोधावा लागत नाही. कॉम्प्युटर मशीनचं तसं नाही. घेण्याआधी दुकानदाराला चार गोष्टी विचारा: आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर दुरुस्ती इथेच होते की मशीन पुण्याला पाठवावं लागतं, पाठवायचं तर खर्च कुणाचा, दिवस किती, आणि ज्याला बोलवायचं त्या माणसाचा नंबर. चौथ्या प्रश्नावर दुकानदार "आम्ही आहोत ना" म्हणाला तर थोडं थांबा. पुणं इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तुळशीच्या लग्नानंतर मशीन तिकडे गेलं की सीझन गेला. ऑनलाइन हजार-दोन हजार वाचवून घेतलेल्या मशीनला इथला दुकानदार हात लावायला नाखूश असतो, हेही हिशोबात धरा. मूळ खोका आणि आतला थर्माकोल जपून ठेवा, पाठवायची वेळ आली तर त्याच्याशिवाय फ्रेमचा हात वाटेत मोडतो.

दुकानात करून बघायची परीक्षा

दुकानदार त्याच्याजवळच्या खळ असलेल्या कडक कापडावर शिवून दाखवतो. त्याच्यावर कुठलंही मशीन सुंदर चालतं. पिशवीत आपलं कापड न्या: इचलकरंजीचं साधं पॉपलीन अर्धा मीटर, जॉर्जेटचा तुकडा, खणाचा तुकडा आणि जुन्या जीन्सची मोहरी. दोऱ्याची रिळं दोन, एक लाल आणि एक पांढरं.

वर लाल, खाली बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात) पांढरा दोरा घालायला सांगा. पॉपलीन दुहेरी करून वीतभर शिवा आणि दोन्ही बाजू उजेडात बघा. वरून पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, घट्ट, खालून लाल दिसला तर ढिलं. टेन्शनचा आकडा फिरवा आणि पुन्हा शिवा. आकडा फिरवूनही फरक पडत नसेल तर मशीन सोडा. मग जीन्सची मोहरी घ्या आणि शिवणीच्या जाड गाठीवरून हळू चालवा. पेडल हलकं दाबलं की सुई थांबते आणि जोरात दाबलं की उसळते, असं असेल तर मोटरला कमी वेगात ताकद नाही. शेवटी जॉर्जेट एकेरी. झिगझॅगच्या प्लेटचं भोक रुंद असतं, सुरुवातीलाच कापड खाली ओढलं जातं. हा मशीनचा दोष नव्हे. सरळ टाक्याची बारीक भोकाची प्लेट वेगळी मिळते का तेवढं विचारा. ती नसेल तर कापडाखाली कोरा पातळ कागद धरून शिवायचं. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

एम्ब्रॉयडरी मशीन असेल तर पेनड्राइव्हवर ८,००० टाक्यांच्या आसपासची, ९० मिलीमीटरची एक डिझाईन घेऊन जा. तिच्यात भरीव फूल आणि त्याच्याभोवती बारीक रेघ हवी. वीस-पंचवीस मिनिटं शेजारी उभं राहून पूर्ण होऊ द्या. रेघ फुलाच्या कडेवर बसली तर फ्रेमची चाल बरोबर. मधेच मेन स्विच बंद करायला सांगा, पुन्हा चालू करा: मशीन थांबलेल्या टाक्यापासून सुरू होतं की पहिल्यापासून? पावसाळ्यात वीज जाते तिथे हा फरक मोठा आहे. कापड उलटं करून बघा. भरीव टाक्याच्या मागे मधोमध एक तृतीयांश बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना रंगीत दोरा दिसायला हवा.

जुनं मशीन घेत असाल तर चाक हाताने आपल्याकडे फिरवा. एका जागी जड आणि पुढे हलकं लागत असेल तर आत काहीतरी वाकलंय. सुईचा दांडा बोटांनी धरून हलवा, डावी-उजवीकडे खेळ नको. काळ्या मशीनची बॉबिन केस बाहेर काढून दोऱ्याला लटकवा: आपोआप खाली घसरली तर स्क्रू ढिला, हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट. हलक्या हिसक्याने दोनेक बोटं खाली यावी.

बरोबर काय काय आणायचं

सुई घरगुती मशीनला एचए×१ लागते, तिच्या वरच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. कारखान्याच्या डीबी×१ सुईचा दांडा गोल असतो. दुकानातून चुकून ती आली आणि कशीतरी बसवली तर टाके सुटतात. जॉर्जेट, मलमलला ९ किंवा ११ नंबर, पॉपलीन आणि ब्लाउजपीसला ११ ते १४, खणाला १४, डेनिमला १६, आणि भरतकामाला एम्ब्रॉयडरीची ११. आठेक तास शिलाई झाली की सुई बदला, तुटायची वाट बघू नका. बोथट सुई आधी कापडाचे धागे ओढते, मग टाके सोडते, आणि माणूस टेन्शन फिरवत बसतो.

भरतकामाचा वरचा दोरा ४० नंबरचा पॉलिस्टर किंवा रेयॉन. बॉबिनला ६० किंवा ९० चा बारीक पांढरा दोरा. सुरुवातीला वीस रंगांचा डबा नको. लाल, राणी, मोरपंखी, पोपटी, हळदी, सोनेरी, काळा, पांढरा एवढ्यावर पहिले दोन महिने निघतात.

कापडाखाली लावायचा नॉनवोव्हन पेपर मात्र हवाच हवा, त्याच्याशिवाय चुण्या पडणारच. साध्या सुती कापडाला फाडून काढायचा पेपर एक थर. ८,००० च्या पुढे टाके असतील तर दोन थर, किंवा कापून काढायचा जाड पेपर. टी-शर्टसारख्या ताणाच्या कापडाला नेहमी कापून काढायचाच. वेलव्हेट किंवा टॉवेलवर भरताना वरून पाण्यात विरघळणारा पातळ पेपर ठेवा, नाहीतर टाके लवेत बुडतात.

सुती कापड भरतकामाआधी धुवून, इस्त्री करून घ्या. कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिस्टरचा दोरा आटत नाही. मग दुकानात सपाट दिसलेला बुट्टा घरी वाळत घातल्यावर फुग्यासारखा उभा राहतो. खणावर भरतकाम शक्यतो टाळाच: मुळात बुट्ट्यांनी भरलेल्या विणीवर दोऱ्याचं काम दिसत नाही, आणि कडेचे धागे सुटतात ते वेगळंच. खणाचा ब्लाउज शिवताना शिवणीला नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त सोडा आणि कापल्या कापल्या कडा झिगझॅग करून घ्या.

पहिल्या आठवड्यात बिघडतं ते

खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिन उघडतात. दोष जवळजवळ नेहमी वर असतो. फूट खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या बंद असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही आणि ढिला खाली पडत राहतो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवा, वरखाली होणाऱ्या दांड्याच्या डोळ्यातून गेला की नाही ते बघा. सुई ज्या बाजूने ओवतो त्या बाजूला तिची लांब खाच यायला हवी, उलटी बसली तर एकही टाका पडत नाही.

सुई सारखी तुटते? शिवताना मागून कापड ओढत असाल. दाते कापड नेतात, हाताने फक्त दिशा द्यायची.

फ्रेममध्ये कापड ढोलकीच्या पानासारखं सपाट हवं, पण स्क्रू आवळल्यावर कडा धरून आणखी ताणू नका. ताणलेलं कापड फ्रेममधून सुटलं की मूळ जागी येतं आणि बुट्ट्याभोवती चुण्या उरतात. आधी स्क्रू थोडा आवळा, मग कापड नि पेपर एकत्र दाबून बसवा, शेवटी अर्धा फेरा.

जरीचा दोरा सारखा तुटत असेल तर मोठ्या डोळ्याची १४ नंबरची सुई लावा, वेग मशीनवर असेल तितका खाली आणा, वरचं टेन्शन एक-दोन आकडे कमी करा. रीळ मशीनपासून फूटभर लांब उभं ठेवा, म्हणजे दोऱ्याचा पीळ वाटेत सुटतो. पैठणीच्या जरीकाठावर मात्र भरतकाम नको. सुईने जर तुटते आणि भोक बुजत नाही.

तेल फक्त शिलाई मशीनचं. खोबरेल घातलं की इथल्या डिसेंबरच्या सकाळी ते आत गोठतं, मशीन जड होतं आणि मग मेकॅनिक सगळं खोलून रॉकेलने धुतो. काळ्या मशीनला रोज वापर असेल तर भोकाभोकात एक-एक थेंब, मग फडक्यावर चार ओळी शिवून जास्तीचं तेल काढा. कॉम्प्युटर मशीनला पुस्तिकेत सांगितलेल्या जागेशिवाय कुठेही तेल नको. तिला हवी असते ती ब्रशने सफाई: दर दोन-तीन बॉबिननंतर प्लेट काढून खालचा कापूस झाडा. फुंकर मारू नका, तोंडाच्या वाफेने आतला दोरा पकडणारा हुक गंजतो.

जून ते सप्टेंबर पायमशीनचा चामड्याचा पट्टा दमट हवेने सैल पडतो आणि चाक घसरतं. अर्धा इंच कापून तारेचा हुक पुन्हा बसवा. जास्त कापलात तर उन्हाळ्यात तो इतका आखडतो की पाय दुखतात. कॉम्प्युटर मशीन या दिवसांत ओल धरणाऱ्या भिंतीपासून हातभर लांब, कव्हरखाली सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवून झाका, आणि काम नसलं तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा.